सरपंचाला जे बंधन आहे, ते खासदाराला का नको?

केज तालुक्यातल्या एका गावच्या तरुण मंडळींचा प्रश्न असा आहे: "आमच्या गावाच्या ग्रुपवर 'संसद सुधारणा कायदा' नावाचा मेसेज फिरतोय. खासदारांची पेन्शन बंद करा, स्वतःचा पगार त्यांनी स्वतः ठरवू नये, कँटीनमधलं स्वस्त जेवण बंद करा, दोनपेक्षा जास्त वेळा निवडणूक लढवू देऊ नका, काम न करणाऱ्याला परत बोलवा, आणि हा मेसेज वीस जणांना पाठवा. आम्हाला वाटतं, नुसता पुढे ढकलण्यापेक्षा ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि दिल्लीला पाठवावा. त्याचा उपयोग होतो का? ठरावात नेमकं काय मागावं?"

माझी सगळी नोकरी विधिमंडळाच्या कामकाजात गेली. त्यातली बरीच वर्षं समित्यांच्या कक्षात: लोकांचे विनंती अर्ज, त्यांवरची टिपणं, समितीपुढच्या साक्षी, अहवालांचे मसुदे. आता अंबाजोगाईला असतो. तुम्ही ठरावाचा विचार करताय याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मेसेजमधलं शिळं झालेलं बाजूला काढा. संसदेच्या कँटीनचं अनुदान जानेवारी २०२१ पासून बंद आहे. लाल दिवा १ मे २०१७ ला गेला. खासदाराच्या पगारावर आयकर लागतो. 'खासदाराला अटकच करता येत नाही' हेही खरं नाही. अधिवेशन काळात आणि त्याच्या आगेमागे चाळीस दिवस जे संरक्षण आहे ते फक्त दिवाणी प्रकरणात, फौजदारी गुन्ह्यात नाही. सभागृहात मत देण्यासाठी किंवा भाषणासाठी लाच घेतली तर विशेषाधिकाराची ढाल मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ मार्च २०२४ ला सीता सोरेन प्रकरणात दिला आणि १९९८ चा नरसिंह राव प्रकरणातला उलटा निकाल मोडीत काढला. ठरावात असं एक जरी चुकीचं वाक्य राहिलं, तर वाचणारा माणूस पुढच्या खऱ्या मागण्याही गांभीर्याने घेत नाही. मी त्या खुर्चीत बसलेलो आहे, म्हणून सांगतो.

आता पगार. खासदारांचे वेतन, भत्ते आणि पेन्शन १९५४ च्या कायद्याने ठरतात आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद १०६ प्रमाणे तो कायदा संसदच करते. आपलं वेतन आपणच ठरवायचं, ही मूळ अडचण. २०१८ मध्ये त्यात एक बरी सुधारणा झाली. दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकाला धरून वेतन आपोआप बदलेल, अशी तरतूद आली. त्यानुसार मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ एप्रिल २०२३ पासून महिन्याचं वेतन एक लाखावरून १ लाख २४ हजार झालं. दैनिक भत्ता अडीच हजार, माजी खासदाराचं किमान निवृत्तिवेतन ३१ हजार.

पगारच बंद करा, अशी मागणी कृपा करून करू नका. १९६७ साली आपल्या बीडने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवलं. कंधारचे भाई केशवराव धोंडगे १९७७ ला नांदेडमधून गेले. खासदारकीला पगार नसता तर अशा माणसांना दिल्लीत महिना काढणं जड गेलं असतं. साखर कारखाना, शिक्षणसंस्था किंवा गुत्तेदारी ज्याच्या घरात आहे त्याला पगाराची गरज नसते. पगार बंद केला की सभागृहात तेवढीच माणसं उरतील.

मागायचं ते हे की ठरवणारा हात वेगळा असावा. ब्रिटनमध्ये खासदारांच्या खर्चाचा मोठा घोटाळा उघडकीला आला, तेव्हा २००९ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं. आता तिथले पगार आणि खर्चाचे नियम तेच ठरवतं. अमेरिकेतला मार्ग आणखी साधा आहे. काँग्रेसने वाढवलेला पगार मधली निवडणूक झाल्याशिवाय लागू होत नाही. ही दुरुस्ती जेम्स मॅडिसन यांनी १७८९ साली मांडली आणि ती तशीच अर्धवट पडून राहिली. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने त्यावर निबंध लिहिला. त्याला 'सी' श्रेणी मिळाली. पण तो थांबला नाही. एकेका राज्याच्या विधिमंडळाला पत्रं लिहीत राहिला आणि १९९२ मध्ये पुरेशा राज्यांची मान्यता मिळून ती त्यांच्या घटनेची सत्ताविसावी दुरुस्ती झाली. तुमच्यासारखाच मेसेज अमेरिकेतही त्यांच्या काँग्रेसबद्दल वर्षानुवर्षं फिरत होता. त्यातून एक ओळही कायद्यात आली नाही. या मुलाच्या पत्रांतून आली, कारण प्रत्येक पत्रात एकच मागणी होती आणि ते पत्र ज्याच्या हातात निर्णय होता त्यालाच लिहिलेलं होतं.

पेन्शनचा राग मला समजतो आणि तो रास्त आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आपल्या शिक्षकाला, तलाठ्याला जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी राज्यभर संप झाला. आणि माजी खासदाराला पेन्शनसाठी किती दिवस सदस्य होता याची किमान अटच नाही. पाच वर्षांवरच्या प्रत्येक वर्षाला दरमहा अडीच हजार वाढत जातात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पेन्शनविरुद्धची याचिका फेटाळली. हा विषय संसदेच्या अखत्यारीतला आहे, असा त्या निकालाचा आशय. म्हणजे कोर्टाचा रस्ता बंद, कायद्याचा उघडा. पंजाबने २०२२ मध्ये आमदारांसाठी 'कितीही वेळा निवडून आलात तरी पेन्शन एकच' असा कायदा केला. तुमच्या ठरावात हेच मागा: एक व्यक्ती, एक पेन्शन, आणि किमान एक पूर्ण मुदत काढल्याशिवाय नाही. साध्या कायद्याने होणारी गोष्ट आहे.

पण खरं सांगू का, पेन्शन आणि भत्ते हा माझ्या लेखी या विषयातला लहान भाग आहे. मोठा भाग तुमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम काढून वाचा. कलम ७ म्हणतं की सरपंचाने वर्षात ठरलेल्या ग्रामसभा घेतल्याच पाहिजेत. पुरेशा कारणाशिवाय घेतली नाही तर तो पदावर राहायला अपात्र ठरतो आणि सचिवावर निलंबनाची कारवाई होऊ शकते. कलम १४ म्हणतं, सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्यत्व नाही. सप्टेंबर २००१ च्या ठरलेल्या तारखेनंतर तिसरं मूल झालं तर नाही. घरात संडास नसेल, वापरत नसाल तर नाही. यातली काही कलमं मला स्वतःला कठोर वाटतात. विशेषतः मुलांच्या अटीने बायाबापड्यांवर अन्याय झालेला मी पाहिला आहे. पण प्रश्न असा की यातलं एकही बंधन खासदाराला लागू नाही. गावच्या कारभाऱ्यावर एवढा अविश्वास आणि देशाच्या कारभाऱ्यावर एवढा भरवसा, हे कुठल्या न्यायाने?

बैठकांचंच बघा. घटनेच्या अनुच्छेद ८५ मध्ये एवढंच आहे की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नसावं. किती दिवस बसायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ बैठका झाल्या, वर्षाला सरासरी १३५. २०१९ ते २०२४ च्या सतराव्या लोकसभेच्या २७४ झाल्या, म्हणजे वर्षाला ५५. त्यात कोरोनाचा काळ होता आणि २०२० चं हिवाळी अधिवेशन झालंच नाही, हे मान्य; पण उतरण त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये लोकसभेसाठी किमान १२० आणि राज्यसभेसाठी किमान १०० दिवसांची शिफारस केली होती. ती आजही कागदावरच आहे.

दिवस कमी झाले की काय जातं? प्रश्नोत्तरांचा तास जातो, शुक्रवारची अशासकीय (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली) विधेयकं जातात, विधेयक समितीकडे पाठवायला सवड राहत नाही. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष होते त्या काळात, १९९३ मध्ये, खात्यांशी जोडलेल्या स्थायी समित्या सुरू झाल्या. समितीत कॅमेरा नसतो, म्हणून तिथे विरोधी पक्षाचा माणूसही मंत्र्याला उपयोगी दुरुस्ती सुचवतो आणि मंत्रीही ती ऐकून घेतो. माझ्या नोकरीतलं सगळ्यात समाधानाचं काम समितीच्या खोलीत झालं, सभागृहात नाही. पंधराव्या लोकसभेत शंभरातली सुमारे ७१ विधेयकं समितीकडे गेली. सतराव्यात सुमारे १६. महाराष्ट्रात विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. त्या विधेयकाबद्दल तुमचं मत काहीही असो, समितीकडे गेलं म्हणून लोकांना लेखी बोलता आलं. थेट सभागृहात आलेल्या विधेयकावर तुम्ही-आम्ही बोलायचं कधी?

हजेरीबद्दल तुमच्या मेसेजमध्ये काहीच नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. आपल्या भागात १९७२ चा दुष्काळ लोकांनी रोजगार हमीच्या मस्टरवर काढला. हजेरी लागली तरी मजुरी मिळायची ती झालेल्या कामाच्या मोजमापावर. खासदाराचा दैनिक भत्ता हजेरीपटावरच्या सहीवर मिळतो. सही केली की झालं. दिवसभरात त्याने कोणत्या विधेयकावर कोणत्या बाजूने मत दिलं, याची नोंद बहुतेक वेळा होतच नाही, कारण निर्णय आवाजी मतदानाने होतात. 'होय'वाले ओरडले, 'नाही'वाले ओरडले, पीठासीन अधिकाऱ्यांनी निकाल सांगितला. नावानिशी मतविभागणी कुणी मागितली आणि ती मान्य झाली तरच. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत शेती कायदे असेच आवाजी मतदानाने झाले. मतविभागणीची मागणी मान्य झाली नाही. २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे दोन्ही सभागृहांनी चर्चेशिवाय मागे घेतले. कायदे चांगले होते की वाईट, यावर तुमच्या गावातही दोन मतं असतील. पण सोयाबीन-कापूस पिकवणाऱ्या माणसाला आपल्या प्रतिनिधीचं नाव त्या कागदावर कुठल्या रकान्यात आहे, हे बघायला मिळायला हवं होतं. प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मंजुरीला नावनिशी मतदान करा, ही मागणी सभागृहाच्या कामकाजाच्या नियमांत बदल करून पुरी होते. घटनादुरुस्ती लागत नाही. मतदानाची बटणं बाकांवर आहेतच.

याच्या पाठोपाठ व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, येतो. नावनिशी नोंद झाली तरी मत पक्षाचंच असेल, असं कुणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, दहावी अनुसूची जोडली गेली. हेतू चांगला होता. पण तिच्यात पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, आणि हा धाक प्रत्येक मतदानाला आहे. सरकार पडण्याचा प्रश्न असो की साध्या विधेयकाचं एखादं कलम असो. त्यामुळे मराठवाड्याचे आठही खासदार उद्या पाण्याच्या किंवा पीकविम्याच्या प्रश्नावर मनातून एक असले, तरी मत देताना आपापल्या पक्षाच्या रांगेत जातील. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवलं होतं की अपात्रता फक्त विश्वासदर्शक-अविश्वास अशा सरकारच्या जीवावरच्या मतदानापुरती ठेवावी. मी त्या मताचा आहे. आयाराम-गयाराम थांबवायचं तर तेवढं पुरतं. बाकी ठिकाणी माणसाला मत असू द्या. ही मागणी मात्र जड आहे. घटनादुरुस्ती लागते, आणि ती करायची तर प्रत्येक पक्षश्रेष्ठीला आपल्या हातातला लगाम सोडावा लागेल.

परत बोलावण्याचा अधिकार तरुणांना सगळ्यात जास्त आवडतो. १९७४ मध्ये सी. के. चंद्रप्पन यांनी लोकसभेत तशी घटनादुरुस्ती सुचवणारं अशासकीय विधेयक मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. ग्रामपंचायतीत मात्र आपल्याकडे त्याचं एक रूप आहे. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचावर तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास मंजूर केला, तरी तो विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने लोकांकडून मंजूर करून घ्यावा लागतो. पद्धत चांगली आहे. पण माझा अनुभव सांगतो: गावातल्या दोन गटांच्या भांडणात राखीव जागेवर आलेल्या बाईला सळो की पळो करायला हेच हत्यार वापरलेलं मी दोन ठिकाणी जवळून पाहिलं. लोकसभेच्या मतदारसंघात वीस लाखांच्या आसपास मतदार असतात. दहा टक्के म्हटले तरी दोन लाख सह्या. त्या गोळा करायला पैसा आणि कार्यकर्त्यांचं जाळं लागतं. ते हरलेल्या उमेदवाराकडे असतं, तुमच्याकडे नाही.

म्हणून मी ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यासारखी अट सुचवेन. तिथे मनात आलं म्हणून परत बोलावता येत नाही. आधी काहीतरी सिद्ध व्हावं लागतं: तुरुंगवासाची शिक्षा, सभागृहातून ठरावीक दिवसांहून मोठं निलंबन, किंवा खर्चाची खोटी माहिती दिल्याबद्दल दोष. मग सहा आठवड्यांत त्या मतदारसंघातल्या दहा टक्के मतदारांनी सही केली तर जागा रिकामी होते. २०१९ मध्ये पीटरबरोच्या खासदार अशाच गेल्या. त्याआधी २०१८ मध्ये उत्तर अँट्रिममध्ये सह्या कमी पडल्या आणि खासदार राहिले. दोन्ही बाजूंनी चालणारी पद्धत आहे. आपल्याकडे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की सदस्यत्व लगेच जातं, हे २०१३ च्या लिली थॉमस निकालापासून ठरलेलं आहे. मधली जागा रिकामी आहे, जिथे शिक्षा तेवढी नाही पण वर्तन लाजिरवाणं आहे. तिथे मतदाराला विचारा, एवढंच मागा.

दोन टर्मच्या मर्यादेच्या मी विरोधात आहे. नवख्या सदस्याला अर्थसंकल्पाची पुस्तकं वाचायला शिकेपर्यंत दोन वर्षं जातात. तोवर सगळं अधिकाऱ्यांच्या हातात. ही मागणी ठरावातून काढा.

खासदार निधीचं एक वाक्य घाला. वर्षाला पाच कोटी. मतदारसंघात हजार गावं धरली तर गावामागे पन्नास हजार रुपये. एवढ्या पैशासाठी आपण खासदाराला सभामंडप आणि हायमास्ट दिव्यांच्या मागे फिरवतो आणि त्याने कायद्यावर काय भाषण केलं हे विचारत नाही. रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेत होतं, तसं या निधीच्या कामांचंही व्हावं, असं लिहा.

आता ठराव पाठवायचा कसा. बहुतेक गावं राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी अशा सगळ्यांना एकच कागद पाठवतात आणि तो फिरत फिरत तहसीलला परत येतो. लोकसभेची आणि राज्यसभेची, दोन्हीकडे विनंती अर्ज समिती आहे. अर्ज सभागृहाला उद्देशून लिहायचा. मराठीत लिहिलात तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत जोडा आणि त्यावरही सही करा. तुमच्या खासदाराने तो सादर करायचा असेल तर त्यावर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. म्हणून आधी त्यांच्याकडे जा. ते नाही म्हणाले तर दुसऱ्या मतदारसंघाच्या खासदाराला विचारा. मागणी संसदेच्या अखत्यारीतली हवी, कोर्टात चालू असलेली नको. शेवटी 'म्हणून आमची विनंती की' असं म्हणून नेमकी विनंती हवी.

एकदा मराठवाड्यातल्याच एका गावाचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. चारशेच्या वर सह्या-अंगठे, चार पानं व्यथा, आणि विनंती कुठेच नाही. अंगठ्यांपुढे नावं नव्हती. व्यथा खरी होती, वाचताना गलबलून आलं, पण समितीपुढे ठेवायला त्यात प्रश्नच नव्हता. मी पत्र लिहून दुरुस्त अर्ज मागवला. तो परत आलाच नाही. ते गाव अजून माझ्या मनात आहे. म्हणून प्रत्येक पानाच्या वर मागणी पुन्हा लिहा, प्रत्येक सहीपुढे पूर्ण नाव आणि पत्ता, अंगठा असेल तर त्याखाली साक्षीदार. सह्या शंभर असल्या तरी चालतील.

मागण्याही सगळ्या एकत्र कोंबू नका. एका ठरावात तीन पुरेत, आणि मला विचाराल तर या तीन: वर्षाला लोकसभेच्या किमान १२० बैठका, प्रत्येक विधेयकावर नावनिशी मतदान, आणि एक व्यक्ती-एक पेन्शन. पहिल्या दोन नियमांनी किंवा साध्या कायद्याने होऊ शकतात, तिसरी १९५४ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने. व्हीप आणि परत बोलावणं यांचा वेगळा ठराव पुढच्या ग्रामसभेला घ्या.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर नोटीस निघण्याआधीच तो विषयपत्रिकेवर लेखी घालून घ्या. 'आयत्या वेळच्या विषयात' आणलात तर तिथेच आक्षेप येईल. ठराव झाल्यावर इतिवृत्ताची साक्षांकित नक्कल ग्रामसेवकांकडून, म्हणजे आताच्या पदनामाने ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, त्याच आठवड्यात घ्या. शेजारच्या चार-पाच गावांनी हाच मजकूर शब्द न बदलता घेतला तर फार बरं. समितीच्या कक्षात एकसारखे अर्ज एका फाईलला लागतात आणि फाईल जाड झाली की ती वर जाते. मसुदा तयार झाला की इथेच टाका, मी दुरुस्त करून देतो.